परतलेल्याचं घर

फार पूर्वी डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. गाव ख्रिस्ती, प्रभूला मानणारं, पण गावात शास्त्राचं पुस्तक मात्र नव्हतं. एकेकाळी होतं. छळाला कंटाळून पूर्वज खालच्या मुलखातून वर चढून आले, तेव्हा एका म्हाताऱ्याने ते डोक्याला बांधून आणलं होतं. वाटेत नदी ओलांडताना तो घसरला. म्हातारा वाचला, पुस्तक वाहून गेलं.

वर पोचल्यावर सगळे गोल करून बसले आणि ज्याला जेवढं आठवत होतं तेवढं त्याने सांगितलं. एकाला पेरणाऱ्याची गोष्ट आठवत होती, एकीला वादळ शांत झालं ते आठवत होतं, कुणाला मिठाचा उपदेश. ठरलं असं, की ज्याच्या तोंडी जे आहे ते त्याच्या घराने सांभाळायचं, बापाने मुलाला शिकवायचं, आणि एका घरचा शब्द दुसऱ्या घराने बोलायचा नाही. दहा तोंडांतून गेलं की दुधाचं ताक होतं, असं तेव्हाच्या शहाण्यांचं म्हणणं पडलं.

पुढे घरांना नावंच तशी पडली. पेरणाऱ्याचं घर, वादळाचं घर, मिठाचं घर. दर रविवारी एका घराची पाळी असे. घरातला कर्ता पुरुष प्रार्थनाघरात उभा राहून आपला वाटा सांगे, आणि गावचा ज्येष्ठ काठी घेऊन समोर बसे. एक जरी शब्द चुकला तरी तो काठी फरशीवर आपटत असे. काठी पडणं म्हणजे घराण्याला बट्टा. सोयरिकीच्या वेळीसुद्धा लोक आधी विचारत, "घरावर काठी कितीदा पडलीय?"

गाव वाईट नव्हतं. हे मुद्दाम सांगतो. वाईट माणसांच्या गावात असं काही घडलं असतं तर मी ते सांगायच्या भानगडीत पडलो नसतो.

या गावात एक दोर वळणारा राहत होता. घायपाताच्या पानांतून वाख, म्हणजे दोराचे धागे, काढायचे, दावी आणि कासरे वळायचे, आणि वळता वळता आपला वाटा घोकायचा, हा त्याचा दिवस. त्याच्या घराला परतलेल्याचं घर म्हणत, कारण त्यांच्या वाट्याला ती गोष्ट आली होती: घर सोडून भरकटलेल्या मुलाची, आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बापाची. मुलगा लांबवर दिसतो न दिसतो तोच तो बाप वय विसरून धावत सुटतो, त्याला मिठी मारतो, चांगले कपडे चढवतो आणि मोठं जेवण घालतो, ती गोष्ट. तीस वर्षं दोरवाल्याने ती सांगितली आणि तीस वर्षांत त्याच्यावर काठी एकदाही पडली नाही. त्याला याचा अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

त्याला एकच मुलगा होता. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना त्याची आई तापाने अंथरुणाला खिळली. दोरवाल्याने मुलाला खालच्या गावी वैद्याला आणायला पाठवलं. खाली जत्रा भरली होती. कुस्त्या होत्या, पाळणे होते, आयुष्यात कधी न पाहिलेली गर्दी होती. पोराने मनात म्हटलं, एक कुस्ती बघतो आणि निघतो. तो तिसऱ्या दिवशी वैद्याला घेऊन वर आला तेव्हा आईला माती देऊन झाली होती.

दोरवाल्याने त्याला मारलं नाही, शिवीही दिली नाही. दारात उभं राहून एवढंच म्हणाला, "या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही." मुलगा आला तसा खाली उतरून गेला. त्याचा गुन्हा लहान नव्हता, आणि बापाचं दुःख खोटं नव्हतं. हे दोन्ही ध्यानात ठेवूनच पुढचं ऐका.

सहा वर्षं गेली. नाताळ होऊन महिना झाला होता, थंडी हाडात शिरत होती, आणि येत्या रविवारी परतलेल्याच्या घराची पाळी होती. गुरुवारी दुपारी मिठाच्या घरची मावशी दोरवाल्याच्या ओट्यापाशी आली. ही त्याच्या बायकोची धाकटी सख्खी बहीण, त्याच गावात दिलेली.

"दाजी, पोरगं आलंय," ती म्हणाली.

दोरवाल्याचे हात थांबले नाहीत. "कुणाचं?"

"कुणाचं म्हणून काय विचारता? तुमचं. वेशीवरच्या पारावर बसलंय. ओळखू येऊ नये असं झालंय हो. खोकायला लागलं की आतडी बाहेर पडतील असं वाटतं."

"मग इथं का नाही आलं? पाय मोडलेत?"

"मी म्हटलं त्याला, चल घरी. तर म्हणतो, आबांनी उंबऱ्यावर पाऊल ठेवू नको म्हटलंय. एकदा त्यांचं ऐकलं नाही त्याचं काय झालं ते बघितलं, आता ऐकणार. त्यांनी ये म्हटलं की येईन."

"त्याला म्हणावं, आधी ये, पाय धर, मग बघू."

"आणि तो म्हणतो आधी तुम्ही बोलवा. दोर वळून वळून तुम्हा बापलेकांच्या अंगातच पीळ भरलाय." ती बोलता बोलता पायरीवर बसली. "दाजी, माझी सख्खी बहीण गेली त्यात. मला लागलं नसेल? पुन्हा दिसला तर थोबाडीत देईन, असं सहा वर्षं मनात धरून होते. आज बघितलं आणि त्याच्या कपाळात ताईच दिसली मला. दरसाल तुम्ही उभं राहून जे सांगता..."

"ते शास्त्र आहे," दोरवाला म्हणाला. "हे माझं घर आहे."

जन्मात तो इतकं खरं कधी बोलला नव्हता, आणि आपण काय बोललो हे त्याला कळलंही नाही. मावशी उठून गेली.

तिने पोराला आपल्याच घरी का नेलं नाही, असं तुम्ही विचाराल. तिने नवऱ्याला विचारलं होतं. नवरा म्हणाला, "ज्या घराने बाहेर काढलं त्याच घराने आत घ्यायचं. दुसऱ्या घरचा शब्द आपण कसा बोलायचा?" सगळ्या गावाचं हेच मत होतं. म्हणून मावशीने पारावर भाकरी नेली, कुळथाचं कढण नेलं, एक घोंगडी नेली. छप्पर तेवढं तिला नेता येईना. येणारे-जाणारे पोराकडे बघत, चुकचुकत आणि आपापल्या वाटेने जात. बाप दोर वळतो आणि पोर पारावर कुडकुडतं, याला दिव्याखालचा अंधार म्हणतात, पण कुणी तसं तोंडावर म्हणालं नाही.

शुक्रवारी काठीवाला ज्येष्ठ दोरवाल्याकडे आला. "रविवारची तयारी आहे ना? मन थाऱ्यावर नसेल तर पाळी पुढे ढकलू," तो म्हणाला.

"तीस वर्षांत काठी पडली नाही. आता पडायची नाही."

"नाही, ते पारावरचं बघून म्हटलं." ज्येष्ठ म्हणाला. "लोक विचारतात. तुम्ही म्हणाल तसं."

"रविवार होऊ द्या," दोरवाला म्हणाला.

ज्येष्ठ गेला आणि आपलेच शब्द दोरवाल्याच्या कानात घुमत राहिले. रविवार होऊ द्या. का नाही? आपण शास्त्र सांगू, शेवटचा शब्द उच्चारू, आणि सगळ्या गावादेखत म्हणू, माझा मुलगा वेशीवर आहे, मी त्याला क्षमा केली, चला माझ्याबरोबर. सगळं गाव मागे, आपण पुढे. ही कल्पना त्याला इतकी आवडली की सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

खोटं कशाला बोलू, त्याला मुलगा हवाच होता. त्याने त्याच संध्याकाळी बायकोची पेटी उघडली आणि मुलाच्या अंगाला येईल अशी बंडी शोधून उन्हात टाकायला काढली. शनिवारी सकाळी धनगराकडून एक बकरं आणून परड्यात बांधलं. तांदूळ निवडले. पुढच्या खोलीत नवी चटई अंथरली. गोष्टीतल्या बापाने केलं ते सगळं त्याने करायला घेतलं, फक्त धावणं सर्वांत शेवटी ठेवलं.

शनिवारी दुपारी मावशी पुन्हा आली. तिच्या पदराला कढणाचे डाग होते.

"दाजी, आजच बोलवा. आत्ता. त्याचे ओठ निळे पडलेत. दिलेलं पोटात ठरत नाही."

दोरवाला हसला. तिला हात धरून परड्यात घेऊन गेला, बकरं दाखवलं, बंडी दाखवली, चटई दाखवली. मावशीने तोंडाला पदर लावला आणि ती ढसाढसा रडायला लागली.

"देवाची कृपा झाली हो दाजी! चला, मी येते तुमच्याबरोबर."

"आज नाही. उद्या. पाळी झाली की सगळ्यांसमोर."

"अहो, उद्या कशाला? चार पावलांवर आहे तो."

"सहा वर्षं सगळ्यांसमोर माझी मान खाली होती. तीही सगळ्यांसमोरच वर होऊ दे."

मावशीने डोळे पुसले. "बरं, मग निदान त्याला सांगू का? बाप येणार आहे एवढंच सांगते. तेवढ्यानेसुद्धा जीव धरेल तो."

"नको," दोरवाला म्हणाला. "सगळ्यांदेखतच कळू दे त्याला. आणि हा माझ्या घरचा शब्द आहे. तू बोलायचा नाहीस."

लहानपणापासून ऐकलेला नियम होता तो. मावशी मान खाली घालून निघून गेली.

ऊन उतरल्यावर दोरवाल्याला राहवलं नाही. त्याने वहाणा घातल्या आणि तो वेशीच्या दिशेने निघाला. निम्म्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं की दारादारांतून बायका बघताहेत. पेरणाऱ्याच्या घरचा म्हातारा तर ओट्यावरून उठून उभा राहिला होता. बघा, शेवटी बापच वाकला, असं म्हणतील. दोरवाला तिथेच वळला, वाख बघायला आल्यासारखं घायपाताच्या बांधावर गेला, दोन पानं चाचपली आणि घरी आला. आता एका रात्रीचा तर प्रश्न आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. त्या बांधावरून पार दिसत होता. पारावरून तोही दिसत असणार.

रविवारी उजाडायला मावशी गरम पाणी घेऊन पारावर गेली. घोंगडीखाली पोर गुडघे पोटाशी घेऊन पडलं होतं. ते केव्हाच गार झालं होतं.

ती धावत ज्येष्ठाकडे गेली. ज्येष्ठ म्हणाला, "जे व्हायचं ते झालं. आता दोरवाल्याची पाळी तरी होऊ दे. आत्ता सांगितलं तर त्याचा शब्द मोडेल, आणि त्याच्यामागे शिकलेला कुणी नाही. पाळी झाली की मी सांगतो." मावशी किंचाळली, रडली, पण तिचा नवराही ज्येष्ठाच्याच बाजूने बोलला. घंटा होईपर्यंत गावात सगळ्यांना कळलं होतं. एकाला सोडून.

दोरवाला धुतलेलं धोतर नेसून प्रार्थनाघरात आला. समोर सगळं गाव मान खाली घालून बसलेलं. तो उभा राहिला आणि सांगायला लागला. त्याचा आवाज त्या दिवशी असा लागला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मुलगा घर सोडून गेला. मुलाने सगळं गमावलं. मुलगा उपाशी राहिला. बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. पुरुषांच्या माना हलायला लागल्या. दोरवाल्याला वाटलं, तीस वर्षांत आज पहिल्यांदा आपल्या घरचा शब्द लोकांच्या काळजाला भिडतोय. तो आणखी रंगून सांगू लागला. बापाने मुलाला लांबून पाहिलं ते सांगताना ज्येष्ठाने तोंड भिंतीकडे फिरवलं. दोरवाल्याने शेवटचा शब्द उच्चारला. एकही चूक झाली नव्हती.

"आता माझं ऐका," तो म्हणाला. "माझा मुलगा वेशीवर बसलाय. मी त्याला क्षमा केली. सगळ्यांसमोर केली. चला, आपण त्याला घेऊन येऊ."

कुणी उठेना.

आनंदाने त्यांना सुचत नाही, असं दोरवाल्याला वाटलं. "बसा मग, मी आणतो त्याला," असं म्हणत तो बाहेर पडला. आधी चालला. मग त्याची पावलं आपोआप भरभर पडायला लागली. आणि मग तो साठीचा माणूस धोतराचा सोगा एका हातात धरून, अनवाणी, गावच्या मुख्य वाटेवरून धावत सुटला. लोक काय म्हणतील हे त्या क्षणी त्याच्या मनातही नव्हतं. देवाने ज्यासाठी ती गोष्ट त्याच्या घरात ठेवली होती, ते त्याने त्या सकाळी पहिल्यांदा केलं. तो धावला. मनापासून धावला.

"आलो रे!" तो लांबूनच ओरडला. "आबा आले बघ!"

घोंगडी हलली नाही. तो पारावर चढला, घोंगडी बाजूला केली, आणि मुलाला उठवून बसवायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा त्याने त्याला नुसतंच जवळ घेतलं.

मागोमाग मावशी आली. तिच्या मागे गाव, लांब थांबलेलं.

"कधी?" दोरवाल्याने विचारलं.

"पहाटेच्या आधी कधीतरी. मी आले तेव्हा गार होता."

"काही बोलला होता?"

"काल संध्याकाळी विचारत होता, आबा इकडं येत होते ना, मग मागे का फिरले? मी म्हटलं, काम असेल काहीतरी."

"मी आज येणार आहे, हे नाही सांगितलंस त्याला?"

"तुम्ही नको म्हटलं होतं, दाजी," ती म्हणाली.

दोरवाल्याने मान वर करून ज्येष्ठाकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पाळी होती तुमची," ज्येष्ठ म्हणाला.

"काठी आपटली नाहीत."

"शब्द एकही चुकला नव्हता," ज्येष्ठ म्हणाला.

त्या दुपारी मुलाला आईशेजारी पुरलं.

वर्ष गेलं. परतलेल्याच्या घराची पाळी पुन्हा आली. दोरवाला येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं, पण तो आला. वर्षभरात म्हातारा झाला होता. उभा राहिला आणि त्याने आपल्या घरचा वाटा सांगितलाच नाही. आत्ता मी तुम्हाला सांगितली ती गोष्ट सांगितली. बकऱ्यासकट, घायपाताच्या बांधासकट, काही न लपवता. सांगताना तो शंभरदा अडखळला, आणि काही वाक्यं त्याने अर्धीच सोडली.

शेवटी म्हणाला, "माझं कुणी आता वेशीवर नाही. तुमच्यापैकी ज्याचं असेल त्याने इथं बसू नका. माझं ऐकत तर मुळीच बसू नका. जा."

मग मागच्या रांगेतून वादळाच्या घरची एक बाई उठली. दोन वर्षांपूर्वी तिने सुनेला घराबाहेर काढलं होतं. ती डोकीवरचा पदर सावरत दारातून बाहेर पडली. तिच्या मागे पेरणाऱ्याच्या घरचा म्हातारा उठला, त्याचा सख्खा भाऊ खालच्या गावी एकटा राहत होता. मग आणखी कुणी. त्या रविवारी उपासना अर्धीच राहिली.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य इतकंच: देवाची प्रीती ज्याला तोंडपाठ आहे, त्याने ती आधी दारापर्यंत न्यावी. बाहेर बसलेल्याला रविवारपर्यंत वेळ असतोच असं नाही.